कंप्युटर आला, पण वही बंद झाली का?

एखाद्या संस्थेत नवीन कंप्युटर सिस्टीम खरंच रुजली की नाही हे बघायला मला रिपोर्ट लागत नाही, मी टेबलावरची वही बघतो. ती अजून उघडी असेल तर सिस्टीम आलीय, रुजलेली नाही. देवगड-कणकवली पट्ट्यात छोट्या संस्थांना हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवून द्यायचं आणि मुख्य म्हणजे शिकवायचं हे माझं काम, विकास सोसायट्या, पतसंस्था, मच्छीमार संस्था, कधी आंबा बागायतदारांचा एखादा गट, आणि सगळीकडे मला एकच प्रश्न विचारतात की अहो एवढे पैसे घालून कंप्युटर घेतला तरी काम कमी का नाही झालं, उलट वाढलंच. प्रश्न अगदी खरा आहे आणि त्याचं उत्तर जरा सविस्तर आहे म्हणून आज बसून लिहितोय.

आधी एका सोसायटीत काय बघितलं ते सांगतो. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, पडवीत छत्र्या उलट्या करून ठेवलेल्या. एक सभासद कर्जाचे पैसे भरायला आला. क्लार्कताईंनी पावतीपुस्तकात कार्बन सरळ करून पावती लिहिली, फाडून दिली, मग किर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, नोंद केली, मग खतावणीत, म्हणजे खात्यांच्या वहीत, त्याचं पान काढून तिथे जमा टाकली. कंप्युटर शेजारीच होता, चालू पण होता. त्यात ही नोंद कधी होणार, तर संध्याकाळी गर्दी ओसरली की, लाईट असली तर, नेट असलं तर. मी म्हटलं ताई आधी यातच का नाही टाकत, पावती पण हाच काढून देईल. त्या म्हणाल्या, "दादा, उद्या काय चुकलं तर मला विचारणार, कंप्युटरला नाही. वहीत माझं अक्षर असतं."

आता वर जिल्ह्याला जो रिपोर्ट जातो त्यात या संस्थेपुढे 'संगणकीकरण पूर्ण' असं लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नाही, मशीन आहे, सॉफ्टवेअर आहे, नोंदी पण रोज होतात. फक्त ताईंचं काम दुप्पट झालंय.

रॉबर्ट फिचमन आणि ख्रिस केमरर या दोन अमेरिकन संशोधकांनी १९९९ मध्ये नेमकं हेच दाखवलं होतं. एखादं तंत्रज्ञान किती संस्थांनी विकत घेतलं हा एक आकडा आणि किती ठिकाणी ते कामात मुरलं हा दुसरा आकडा, दोन्हीचे आलेख काढले तर मधे चांगलंच अंतर राहू शकतं, आणि आपण बहुतेक वेळा पहिल्याच आकड्याकडे बघून म्हणतो की वा, काय झपाट्याने पसरलंय. त्यांचा अभ्यास सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या विभागांवर होता बरं का. केस टूल्स नावाची हत्यारं होती, सॉफ्टवेअरची आखणी सोपी करणारी, ती बऱ्याच ठिकाणी घेतली गेली आणि मग नुसती पडून राहिली. ज्यांचं कामच कंप्युटरचं त्यांची ही गत, मग वीस वर्षं हाताने किर्द लिहिलेल्या माणसाला आपण कुठल्या तोंडाने बोलणार.

मग संस्था घेतात तरी का? फायदा दिसला म्हणून घेतात असं आपल्याला वाटतं पण तसं कमी वेळा होतं. पॉल डिमॅजिओ आणि वॉल्टर पॉवेल यांनी १९८३ मध्ये संस्था एकमेकींसारख्या का व्हायला लागतात याची तीन कारणं सांगितली होती, वरून आलेला हुकूम, दुसऱ्याचं बघून केलेली नक्कल, आणि त्या क्षेत्रातल्या शिकलेल्या मंडळींचं 'हल्ली असंच करतात' हे मत. आपल्याकडे तिन्ही एका मीटिंगमध्ये ऐकायला मिळतात. चेअरमन म्हणतात परिपत्रक आलंय, एक संचालक म्हणतात शेजारच्या गावच्या सोसायटीने गेल्या वर्षीच घेतलाय, आणि ऑडिटर म्हणतात पुढच्या वेळी तेरीज (सगळ्या खात्यांच्या बाक्यांची जुळणी) कंप्युटरची प्रिंट द्या. ठराव पास. त्यात ताईंचं काम कसं बदलणार हे कुणीच बोललेलं नसतं, त्या मीटिंगला चहा सांगायला गेलेल्या असतात.

हुकूम वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्था, म्हणजे आपल्या विकास सोसायट्याच, संगणकीकृत करायची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. डोंगरातल्या चारशे सभासदांच्या सोसायटीने स्वतःच्या पैशातून हे कधीच केलं नसतं, त्यामुळे मला ही योजना गरजेचीच वाटते. पण हुकुमाची ताकद मशीन टेबलापर्यंत आणण्याची, टेबलावरून माणसाच्या हातात जाणं हा वेगळाच प्रवास आहे.

त्या प्रवासात सगळ्यात मोठी अडचण कुठली तर मेहनत एकाची आणि फायदा दुसऱ्याचा. जोनाथन ग्रुडिन नावाच्या संशोधकाने १९८८ मध्ये ऑफिसातल्या कॅलेंडरचं उदाहरण दिलं होतं. सगळ्यांच्या वेळा कंप्युटरात भरलेल्या असतील तर साहेबाला मीटिंग एका क्षणात ठरवता येते, पण त्यासाठी रोज आपापल्या वेळा भरत बसायचं कोणी, तर बाकीच्या सगळ्यांनी, ज्यांना त्यातून काहीच मिळत नाही. मग ते भरत नाहीत आणि कॅलेंडर मरतं. आमच्या सोसायटीत हेच आहे, थकबाकी यादी एका बटणावर निघते त्याचा आनंद जिल्हा बँकेला, आणि त्यासाठी संध्याकाळी साडेसहापर्यंत थांबून शेवटची एसटी चुकवायची ताईंनी.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर खाली केरळात आहे आणि ते मला फार आवडतं. उत्तर केरळात १९९७ ते २००१ या काळात टप्प्याटप्प्याने मोबाईल आला. तोपर्यंत मच्छीमार समुद्रात असताना त्याला कुठल्या बंदरावर काय भाव आहे कळायचा मार्ग नव्हता, एका ठिकाणी तारली घ्यायला माणूस नाही म्हणून टाकून द्यायची आणि पंधरा-वीस किलोमीटरवर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जायचं. टॉवर किनाऱ्याजवळ असल्याने समुद्रात वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत रेंज मिळायची, मग होडीतूनच फोन करून जिथे भाव तिथे होडी वळवायला लागले. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने या सगळ्याचा अभ्यास २००७ मध्ये छापला, त्यात फुकट जाणारी मासळी जवळपास थांबली, मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्के स्वस्त पडली. कुणी ट्रेनिंग घेतलं नाही, कुणी परिपत्रक काढलं नाही. फोन ज्याने केला, फायदा त्यालाच, आणि तोही मासळी उतरवायच्या आत.

क्यूआर कोडचं पण बघा. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं पण आमच्या मासळी बाजारातल्या बायकांनी ते मनापासून धरलं माझ्या मते तो बोलणारा डबा आल्यावर. आधी काय व्हायचं, गिऱ्हाईक म्हणणार पाठवले हो मावशी, आणि मावशीचे दोन्ही हात बांगड्याच्या रक्तात, मोबाईल कमरेच्या पिशवीत, बघणार कशी? एकदा फसली की दुसऱ्या दिवशी रोकडाच द्या म्हणणार. डबा मोठ्याने बोलतो इतके रुपये मिळाले, हात धुवायला नको, चष्मा शोधायला नको. तंत्रज्ञान तेच, पैसे जायचा रस्ता तोच, फक्त तिच्या कामाच्या पद्धतीत बसेल अशी एक छोटी वस्तू मधे आली. आणि जितकी गिऱ्हाईकं क्यूआर मागतात तितकं तो नसलेल्या मावशीचं नुकसान, त्यामुळे एका ओळीत चार जणींकडे डबा आला की पाचवी स्वतःहून विचारते.

आता पसरण्याबद्दल. या विषयातला एक जुना आणि पाया समजला जाणारा अभ्यास कंप्युटरचा नाहीच, मक्याच्या बियाण्याचा आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात संकरित मका १९२८ च्या सुमारास आला आणि तिथल्या शेतकऱ्यांमध्ये तो कसा पसरला हे ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी १९४३ मध्ये मांडलं. शेतकऱ्यांना पहिली खबर मिळाली मुख्यतः बियाणं विकणाऱ्यांकडून, पण घ्यायचं ठरवलं ते शेजाऱ्याचं बघून. आणि पहिल्या वर्षी कुणी सगळं शेत त्याखाली घातलं नाही, आधी थोड्या जागेत करून बघितलं. पुढे एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये यावरूनच मोठा सिद्धांत मांडला की नवी गोष्ट लवकर पसरायला ती आधीपेक्षा बरी वाटायला हवी, आपल्या चालू पद्धतीत बसायला हवी, फार किचकट नको, थोडी करून बघता यायला हवी आणि दुसऱ्याला तिचा परिणाम दिसायला हवा.

हे आपल्या बागायतदारांना वेगळं सांगायला नको कारण कल्टार, म्हणजे मोहोरासाठी कलमांना घालतात ते औषध, असंच पसरलं. पाच-दहा कलमांना घालून बघितलं, हापूसला एक वर्षाआड यायचा मोहोर लागोपाठ आला, आणि तो मोहोर शेजाऱ्याला गडग्यावरून, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणावरून, दिसला. कल्टारचे बरेवाईट परिणाम हा वेगळा विषय, झाडं थकतात वगैरे, त्यात आत्ता शिरत नाही. मुद्दा गडग्याचा आहे. हिशेबाचं सॉफ्टवेअर गडग्यावरून दिसत नाही हो. शेजारच्या सोसायटीत कंप्युटर आहे एवढं दिसतं, त्या क्लार्कची तेरीज मार्चमध्ये दोन तासात जुळली की दोन रात्री गेल्या हे दिसत नाही. आणि पाच कलमांना घालतात तसं पाच सभासदांचा हिशेब कंप्युटरात आणि बाकीच्यांचा वहीत असं पण करता येत नाही, कारण संध्याकाळी रोकड एकच मोजायची असते.

त्यातून शिकण्याचा प्रश्न. पॉल अ‍ॅटवेल यांनी १९९२ मध्ये एक साधी पण फार मोलाची गोष्ट सांगितली की असली तंत्रज्ञानं पसरायला वेळ लागतो तो बातमी उशिरा पोचते म्हणून नाही, ती वापरायची कशी हे ज्ञान प्रत्येक संस्थेला आपापल्या जागी नव्याने कमवावं लागतं म्हणून. मशीन विकत मिळतं, हातातली सवय विकत मिळत नाही. मग मधे एक पूल तयार होतो, ज्याला येतं त्याच्याकडून काम करून घ्यायचं. तालुक्याच्या गावात असा एखादा मुलगा असतोच, पाच-सहा संस्थांचं काम तो करून देतो, सातबारा काढायचा, फॉर्म भरायचा तर लोक सेवा केंद्रात जातात. याला काही लोक नावं ठेवतात की स्वतः शिकत नाहीत. मला तसं वाटत नाही, हा पूल नसता तर निम्म्या लोकांनी नाद सोडला असता. फक्त तो मुलगा पुण्याला नोकरीला गेला की संस्था परत वहीवर येते, हे मी डोळ्यांनी बघितलंय, तेव्हा पूल चालू असतानाच घरातलं एक माणूस तयार करायचं.

आणि शिकून झालं तरी काम लगेच हलकं होत नाही, याचं कारण समजायला जुनी गिरण डोळ्यापुढे आणा. एक इंजिन, त्याला जोडलेला लांब दांडा, त्यावरून पट्टे, आणि पट्ट्यांवर भाताची एक, दळणाची एक अशी यंत्रं. अमेरिकेतले कारखाने असेच वाफेच्या इंजिनावर चालायचे. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं वीजकेंद्र १८८२ मध्ये सुरू झालं पण कारखान्यांना विजेचा खरा फायदा दिसायला लागला १९२० च्या दशकात, म्हणजे जवळपास चाळीस वर्षांनी. पॉल डेव्हिड या आर्थिक इतिहासकाराने १९९० मध्ये याची उकल केली. सुरुवातीला लोकांनी इंजिन काढून त्या जागी मोठी मोटर बसवली आणि दांडा, पट्टे, यंत्रांची जागा सगळं होतं तसंच ठेवलं. एकेका यंत्राला स्वतःची छोटी मोटर द्यायची आणि मग यंत्रं कामाच्या क्रमाने हवी तशी मांडायची हे सुचायला, परवडायला आणि त्यासाठी नव्या इमारती उभ्या राहायला एवढा काळ गेला.

सोसायटीत आपण तेच केलेलं असतं, वहीच्या जागी कंप्युटर आणि बाकीचे पट्टे तसेच. पावती हाताने, किर्द हाताने, चेअरमनची सही किर्दीवर, ऑडिटर बघणार किर्द, मग कंप्युटरातली नोंद कशासाठी, तर वर पाठवण्यासाठी.

पण त्या वहीत असं काहीतरी असतं जे कंप्युटरात नसतं, ते मला त्याच सोसायटीत कळलं. जुना डेटा भरून झाला, एकूण बेरीज जुळत होती पण दोन सभासदांची बाकी उलटसुलट. बघितलं तर दोघांचं नाव, वडलांचं नाव, आडनाव सगळं एकच. आपल्या गावात हे नवीन नाही, एका भावकीत तीच नावं फिरत असतात. खतावणीत ताई यायच्या आधीच्या सचिवांनी, त्यांना सगळे तात्या म्हणायचे, पेन्सिलने कोपऱ्यात बारीक लिहून ठेवलं होतं, एकावर 'खालची वाडी' आणि दुसऱ्यावर 'पिंपळाकडचा'. कंप्युटरात पेन्सिलला जागा नव्हती. भरणाऱ्या मुलाने नाव बघून पहिल्याला दुसऱ्याचा हप्ता जमा दाखवला होता. ताई कंप्युटरवर विश्वास का टाकत नव्हत्या त्याचं उत्तर त्या पेन्सिलीत होतं, त्यांनी ही चूक आधीच पकडली होती आणि कुणाला सांगायची ते त्यांना कळत नव्हतं.

वर बसून बनवलेली सिस्टीम आणि गावातली परिस्थिती यात असा सांधा नेहमीच निखळतो. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली, शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभं राहून पिकाचा फोटो टाकायचा, कल्पना चांगली आहे. पण कोकणात एका सातबारावर पंचवीस-तीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, जमीन गुंठ्या-गुंठ्याची आणि व्हाळाकडच्या बाजूला रेंज नाही, त्यामुळे इथे तीच गोष्ट जास्त समजावून, जास्त हात लावून करावी लागते.

मग त्या सोसायटीत वही बंद कशी झाली? आधी तर आम्ही वेळ बदलली. बजेट संपवायचं म्हणून मशीनं आणि ट्रेनिंग सगळं मार्चमध्ये येतं, आणि मार्चमध्ये सोसायटीत वसुली, इयरएंड, आणि बाहेर आंब्याचा सीझन, शिकायला माणूस जागेवर असतो कुठे? आम्ही जूनमध्ये सुरू केलं. (मच्छीमार संस्थांना पण मी हेच सांगतो, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या, तेव्हाच शिका.) रोज दुपारी एक तास, आणि शिकवताना खोट्या नावांची उदाहरणं नाहीत, त्या दिवशीच्या खऱ्या पावत्या. मग प्रत्येक सभासदाच्या शेऱ्याच्या रकान्यात ताईंनी स्वतः वाडी आणि खूण टाईप केली, सगळ्या पेन्सिली आत आल्या. त्याला गणपती उजाडले.

बॅकअपचा विषय तर संचालकांनीच काढला. चिपळूणात २२ जुलै २०२१ ला पाणी शिरलं तेव्हा दुकानांतली, ऑफिसांतली कागदपत्रं चिखलात गेली ते सगळ्यांनी बघितलं होतं, कागद म्हणजे सुरक्षित हा समज तिथे मोडला. रोज संध्याकाळी एक प्रत पेनड्राइव्हवर, तो सचिवांच्या घरी, आणि एक प्रत ऑनलाइन.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ठराव. ऑडिटरना आधी विचारून घेतलं, मग मंडळाने लेखी ठराव केला की १ एप्रिलपासून हाताची किर्द बंद, रोजच्या किर्दीची प्रिंट काढायची, पानांना नंबर, खाली क्लार्क आणि सचिवांची सही, महिन्याला बांधणी. लाईट नसेल त्या दिवशी पावतीपुस्तक आहेच, त्यावरून दुसऱ्या दिवशी नोंद. "वहीत माझं अक्षर असतं" म्हणणाऱ्या ताईंना आता प्रिंटवर स्वतःची सही होती आणि चुकलं तर कुणी काय करायचं तेही कागदावर होतं. पहिले दोन महिने त्या घरी एका वहीत गुपचूप लिहीत होत्या, मला नंतर सांगितलं, मी म्हटलं काही हरकत नाही. जूनमध्ये ती वही आपोआप थांबली, आणि आता त्या पावणेसहाच्या एसटीला असतात.

मागच्या महिन्यात शेजारच्या गावच्या सोसायटीचे सचिव आले होते, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली. कंप्युटरकडे त्यांनी बघितलं पण नाही. ताईंकडून बांधलेली फाईल मागून घेतली, चष्मा लावून पानांचे नंबर बघत गेले, सह्या बघितल्या, मधल्या एका दिवसाची बेरीज बोटांवर करून बघितली. मग म्हणाले, "ऑडिटर मानता मा ह्यां?" ताई म्हणाल्या मानतो. फाईल मिटून ठेवली आणि विचारलं की त्या ठरावाची एक नक्कल मिळेल काय.